सात वाजव, आठवी नको

१

ऐक ना. आधी नुसतं ऐक, मधी काही विचारू नको, नायतर माझा सगळा धागा तुटतो.

भावसिंगपुऱ्यात सम्यकचं घर आहे. सम्यक म्हणजे तोच, मागच्या वर्षी पैठण रोडवर गेला तो. चितेगावच्या कंपनीत सकाळच्या शिफ्टला निघाला होता, नक्षत्रवाडीच्या पुढच्या उतारावर गाडी थेट ट्रकखाली. तर त्याच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला एकच दिवस राहिलेला. दारात मांडव पडलेला, सतरंज्या आलेल्या. आणि दुपारी अपेक्षाला फोन आला, सम्यकच्या बहिणीचा, विशाखाचा.

"ताई, असशील तशी ये. बदकं येईनात."

अपेक्षा टीव्ही सेंटर चौकात एका ऑफिसात कामाला आहे. तिनं स्कार्फ गुंडाळला आणि तशीच निघाली. कारण बदकं येईनात म्हणजे काय, ते तिला एकटीलाच नीट माहीत होतं.

सम्यक आणि अपेक्षा पॉलिटेक्निकला एका बाकावर. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात भंगारवाल्याकडं दोघांना एकसारखे दोन जुने गेमचे डबे मिळाले होते. ते जाड, काळे, चकचकीत, टीव्हीला जोडायचे असतात ना, ते. आता त्यांच्यावर कोणी खेळत नाय. सम्यक म्हणला, "ह्याच्यात लिनक्स टाकू. गेमचा डबा नाय राहणार, कम्प्युटर होईल." त्याचा झाला. त्याच्या डब्यात गेमचा मेनू एका बाजूला, लिनक्स दुसऱ्या बाजूला. चालू केला की काळ्या स्क्रीनवर आधी दोन पेंग्विन यायचे, मग लिनक्स. सम्यकच्या आईला, म्हणजे रत्नमाला मावशीला, ते पेंग्विन बदकं वाटायचे.

अपेक्षाचा डबा मात्र तिला जमेना. म्हणून सम्यकनं तिच्यासाठी माइक लावून सगळं बोलून ठेवलं. कुठलं बटण दाबायचं, कुठं थांबायचं, काय चुकलं तर काय करायचं. आठ फाइली केल्या. प्रत्येकीची सुरुवात तीच, "ऐक अपे, घाई करू नको." अपे म्हणणारा जगात तो एकटाच. बाकी सगळे अपेक्षा, नायतर ताई, नायतर पोरी.

त्या आठ फाइली तिला द्यायच्या आधीच तो गेला. फोनचा तर रस्त्यावर चुरा झालेला. त्याचा आवाज म्हणून जगात जे काही उरलं, ते त्या डब्यात. लिनक्स कसं टाकायचं त्याची माहिती, बस.

मावशीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण रोज दिवेलागणीला ती डबा पदरानं पुसायची, चालू करायची, बदकं आली की मांडी घालून बसायची. विशाखानं तिला छोट्या कीबोर्डवरच्या एंटरला लाल टिकली चिकटवून दिली होती. टिकली दाबली की पुढची फाइल. पोरगं बोलायला लागायचं, "ऐक अपे, घाई करू नको," आणि मावशी मान हलवायची. घाई करत नाय बाबा, म्हणून. कधीमधी अपेक्षापण शेजारी येऊन बसायची, पहिल्या पाच-सहा फाइली तिनं अशाच ऐकल्या होत्या.

अपेक्षा पोचली तेव्हा टीव्हीवर गेमचा निळा मेनू होता. बदकं नाय, लिनक्स नाय, काहीच नाय. समोर सुदर्शन गुडघ्यावर बसलेला. हा पण त्यांच्याच वर्गातला, आता लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलंय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आवाज ऐकवायला त्यानं मोठे स्पीकर आणले होते.

"जोडून बघायला चालू केलं तर हे," तो म्हणला. "काल संध्याकाळपर्यंत चालत होतं म्हणतायत. हे आपोआप नाय होत, अपेक्षा. कोणीतरी हाताने उडवलंय. घरातल्याच."

२

आता घरातले म्हणजे किती? मावशी, विशाखा आणि सम्यकचे वडील पुंजाराम काका. काका लाकडाच्या वखारीत मशीनवर. त्यांना मोबाइलवर फोन उचलता येतो, बास. रोज मावशी डबा लावायची वेळ झाली की ते चप्पल घालून बाहेर पडायचे. चौकात जाऊन बसतात, विशाखा सांगायची. बाबांना दादाचा आवाज सहन होत नाय.

अपेक्षानं पहिलं काय विचारलं, तर घरात एकटं कोण होतं?

"आज पाणी आलतं," विशाखा म्हणली.

तुला तर माहीतच आहे, आपल्या गावात नळाला पाणी आलं की माणूस आंघोळ करताकरता पळत येतं. आठवड्यानं एकदा येणार, किती वेळ राहील कोणी सांगावं. मावशी गल्लीत नळावर पाइप धरून, विशाखा गच्चीवर टाकीपाशी, काका खाली मोटार चालू-बंद करायला. तिघं तीन ठिकाणी, दार सताड उघडं. सुदर्शन आला तोवर पाणी गेलेलं, आणि त्याच्या हाताखाली डबा चालू झाला तो सगळ्यांच्या समोर.

"गल्लीतलं कोणी घुसलं असंल," विशाखा म्हणली.

"घुसला आणि टीव्ही सोडून, डबा सोडून, मेलेल्या माणसाचा आवाज पुसून गेला? कुत्रं तरी असं करंल का?" सुदर्शन म्हणला. आणि वर म्हणला, "तुझंच भांडण झालतं ना आईसंग त्याच्यावरून?"

विशाखाचं तोंड एकदम उतरलं.

झालतं. गल्लीनं ऐकलं होतं. विशाखा बीए शेवटच्या वर्षाला, घर दोन खोल्यांचं, आणि रोज संध्याकाळी तेच. डिस्क, पार्टिशन, एंटर. आठवड्यापूर्वी ती ओरडली होती, "मेलेल्या पोराचं रोज ऐकतीस, जित्या पोरीचं कधी ऐकणार हायस?"

"म्हणले मी," ती आता अपेक्षाला म्हणली. डोळ्यात पाणी, पण पुसायचं नाव नाय. "म्हणले. पण उद्याचं सगळं मीच ठरवलंय ना ताई. सगळ्यांना ऐकवायचं, आठच्या आठ. मीच कशाला उडवू? मी तर दुसऱ्या फाइलीच्या पुढं कधी ऐकलंपण नाय. कानात बोंडं घालून बसते मी."

"आणि तू रे?" अपेक्षा सुदर्शनकडं वळली. "तुला कॉपी पाहिजे होती ना?"

"मागितली होती. उघड मागितली होती," तो चिडला. "माझ्या चॅनलवर टाकणार होतो. मराठीत असं समजावून सांगणारं कोणी आहे का सांग. मावशी म्हणल्या, पेनड्राइव्ह लावायचा नाय, काय बिघडलं तर? वर्षभर कोणाला हात लावू दिला नाय. मग मी उडवून माझा काय फायदा?"

खरं होतं त्याचं. ज्याला पाहिजे तो पुसत नसतो.

अपेक्षा आतल्या खोलीत गेली. मावशी खाली बसून उद्याच्या जेवणाचे वाटाणे सोलत होती. आणि यार, इथं अपेक्षाला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. जी बाई त्या डब्याला नातवासारखं पुसायची, ती रडत नव्हती. टोपल्यात वाटाणे टप टप पडत होते.

"मावशी, मी बघते. सापडंल."

"सापडलं तर बघ. नाय सापडलं तर ऱ्हाऊ दे पोरी." मावशीनं मान वर केली नाय. "सापडलं तर सात वाजव. आठवी नको."

"का?"

"तिच्यात नुसती खरखर हाय. त्याचं बोलणंच कळत नाय. म्या विशाखाला बी सांगितलं. ती म्हणती सुदर्शन साफ करून देईल. कशाला उगा." तिनं एक शेंग उगाच दोनदा दाबली. "सात बास हायेत."

बाहेरून सुदर्शनचा आवाज आला. "अपेक्षा, मी फॉरमॅट मारतो आणि नवीन टाकतो. जुनं गेलंच आहे, निदान उद्या लोकांसमोर बदकं तरी दिसतील."

अपेक्षा अशी झटकन उठली, की तिनं सोलायला घेतलेली शेंग खाली पडली तेपण तिला कळलं नाय.

३

ती बाहेर आली तेव्हा सुदर्शनचं बोट बटणावर. स्क्रीनवर विचारत होतं, सगळं पुसायचं का? हो, नाही.

"थांब!"

"अगं पण काही नाय राहिलं त्याच्यात..."

"हात काढ आधी."

तिला सम्यकची तिसरी फाइल आठवत होती. त्याच्या आवाजासकट. "इथं हो म्हणलं की सगळं पुसलं अपे. परत येत नाय. दोनदा विचार कर." आणि चौथीतपण एक होतं, "आपली डिस्क साठ जीबीची. गेमला दहा द्यायची, पन्नास लिनक्सला. गेम कोण खेळतंय आता?"

तिनं मेनूतून मागं येत येत डिस्कचं पान उघडलं. एकूण जागा किती?

दहा.

तू म्हणशील त्यात काय. अगं, जर कोणी पुसलं असतं ना, तर सगळी डिस्क गेमची झाली असती. साठ दाखवायला पाहिजे. दहाच दाखवते, म्हणजे उरलेले पन्नास कोणीतरी अजून धरून बसलंय. लिनक्स आत आहे. सम्यक आत आहे. फक्त दार लावून घेतलंय.

तिनं तो आकडा परत एकदा वाचला.

"काय झालं?" सुदर्शननं विचारलं.

आणि इथं तिनं काय केलं माहितीय? काही सांगितलं नाय. "एचडीएमआयची केबल लूज वाटते. तुझ्या दुकानातून दुसरी आण ना," म्हणली. तो गेला. विशाखाला म्हणली चहा टाक. कारण तिच्या डोक्यात एकच. ज्यानं हे केलं तो घरात आहे, आणि त्याला वाटतंय काम झालं. परत मिळालं म्हणून ओरडले, तर पुढच्या वेळी तो खरंच पुसंल.

एकटी झाल्यावर ती सेटिंगच्या एकदम खाली गेली. चालू झाल्यावर कुठं जायचं, गेम की लिनक्स? तिथं गेम होतं. सम्यकनं लिनक्स ठेवलं होतं. हे बदलायचे दोनच रस्ते. एक, इंग्रजी मेनूत पार तळाला उतरून हे पान शोधायचं. सुदर्शनसारख्या सुदर्शनला ते सापडलं नव्हतं. आणि दुसरा रस्ता सम्यकनं पाचव्या फाइलीत सांगून ठेवला होता.

"ऐक अपे, घाई करू नको. समज मशीन अडकली, तर घाबरायचं नाय. समोरचं बटण दाबून धरायचं. एक बीप येईल, सोडायचं नाय. दुसरी आली की सोड. गेमचा मेनू येईल. सगळं जागेवरच राहतंय, फक्त झाकून जातंय."

म्हणजे ज्यानं केलं त्यानं पाचवी फाइल ऐकलेली आहे. विशाखा दुसरीच्या पुढं गेली नाय. सुदर्शननं ऐकली असती तर फॉरमॅट मारायला निघालाच नसता. पाचवी ऐकलेली माणसं दोनच. एक अपेक्षा स्वतः.

दुसरी आत वाटाणे सोलत बसलेली.

४

ती उठून घराबाहेर आली. मांडवात पोरं खुर्च्या लावत होती, तिकडं नको म्हणून ती घराच्या मागं बोळात गेली. बोळ कसला, दोन घरांमधली फट. वर बाहेरच्या खोलीची खिडकी, आणि खिडकीला लागूनच आत टीव्ही.

आभाळ सगळं मातकट. उन्हाळा संपत नव्हता आणि पुढचं काही येत नव्हतं. ती भिंतीला टेकायला गेली आणि थांबली.

भिंतीवर डाग होता. तेलकट, काळपट, वाटीएवढा. बसलेल्या माणसाचं डोकं टेकंल बरोबर तेवढ्या उंचीवर. खाली सिमेंटचं पोतं घडी करून ठेवलेलं, बसून बसून चपटं झालेलं. पोत्याच्या बाजूला तंबाखूच्या रिकाम्या पुड्या. नव्या, जुन्या, पार रंग उडालेल्या.

एका दिवसात भिंतीला असा डाग पडत नाय. रोज यावं लागतं. रोज त्याच जागी, त्याच वेळेला, डोकं टेकून.

चौकात जाऊन बसतात, विशाखा म्हणली होती.

अपेक्षा त्या पोत्यावर बसली. डोकं डागाच्या बाजूला टेकवलं. आतून विशाखानं कपबशी ठेवल्याचा आवाजसुद्धा असा आला, जणू मांडीवर ठेवली.

५

काका बाहेरच्या खोलीत सम्यकच्या मोठ्या केलेल्या फोटोला खिळा ठोकत होते. बुटका माणूस, खांदे वाकलेले, वखारीचा भुसा कायम भुवयांवर. अपेक्षा आली, डब्यासमोर बसली. विशाखा चहा घेऊन मांडवात गेलेली. आत मावशीचे वाटाणे चालूच.

अपेक्षा स्वतःशी बोलल्यासारखी, पण त्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "काय बरं म्हणला होता तो... बटण तीनदा दाबायचं वाटतं. तीनदा दाबलं की..."

"तीनदा नाय, अपे. दाबून धरायचं. दुसरी बीप येस्तवर सोडायचं..."

आणि हातोडी हवेतच राहिली.

यार, हे मी तिला दोनदा सांगायला लावलं. हा माणूस वर्षानुवर्षं तिला पोरी म्हणायचा. अपे म्हणणारा एकच होता. काकांच्या तोंडून तोच बोलला. सगळं पाठ झालेलं, चालीसकट.

मग काकांनी हातोडी हळूच खाली ठेवली, आतल्या दाराकडं बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. तसेच, बोळात बसायचे तसे.

"तू बोळ बघितला व्हय," ते म्हणले.

"व्हय काका."

"मोटार बंद करायला आलतो. घरात कोणी नव्हतं." हात मांडीवर पालथे. "पुसायचं कसं त्ये बी त्यानं सांगितलंय. तिसरीत. मला येत व्हतं पोरी. बोट बी नेलं व्हतं. पण तो म्हणतोय ना, दोनदा इचार कर. नाय झालं माझ्याच्यानं. झाकून ठिवलं नुसतं."

"पण का?"

"आठवी."

अपेक्षा त्यांच्या जवळ सरकली.

"उद्या समद्या लोकांत आठवी लावणार म्हणली विशाखा. इतके दिस मला वाटायचं, बरं झालं, ती खराब झालीय, कोणाला ऐकू येत नाय. सातवी झाली की हिनं बंद केलं, की मी सुटायचो. रोज. आन् परवा विशाखा म्हणती, सुदर्शन खरखर काढून देणार हाय." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझी मावशी ऐकंल मग. मी व्हतो तिथं, तो बोलत व्हता तवा. मला माहीत हाय तिच्यात काय हाय."

अपेक्षानं सेटिंग बदललं. डबा बंद केला, परत चालू केला. स्क्रीन काळी झाली, आणि वर कोपऱ्यात दोन पेंग्विन आले. काकांनी हात जोडले. कोणाला, ते त्यांनाच माहीत.

तिनं इअरफोन लावला. एक बोंड कानात घातलं, दुसरं काकांपुढं धरलं. त्यांनी मान हलवली. नको.

आठवी फाइल.

"ऐक अपे, घाई करू नको. आता शेवटचं राहिलंय..." मागून लांबून काकांचा आवाज, "सम्या, निघ की, शिफ्ट चुकती." सम्यक म्हणतो, "बाबा, गाडीचा ब्रेक लागंना म्हणलं होतं ना मी परवा. केलं का?" काका म्हणतात, "केलं रे, कालच केलं. जा आता." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माइकच्या एकदम जवळ येऊन, हसत, "राहिलेलं संध्याकाळी सांगतो, अपे."

संपली.

"केलं नव्हतं," काका म्हणले. तिनं बोंड काढलं होतं की नव्हतं, कोणास ठाऊक, पण ते तिला ऐकू आलं. "वखारीतून यायला उशीर झालता. म्हणलं रविवारी टाकतो गॅरेजला. तो इचारत बसला तर शिफ्ट बुडंल, म्हणून म्हणलं, केलं. समद्यांनी नंतर इचारलं, गाडीत काय बिघाड व्हता का? मी म्हणलं नाय. तुझ्या मावशीला बी तेच सांगितलं." त्यांनी तिचा हात धरला. खरखरीत, लाकडासारखा हात. "तेवढी एक पुसून टाक पोरी. सात ऱ्हाऊ दे. तिला कळलं तर ती माझ्यासंग एका घरात ऱ्हाणार नाय. आन् तिच्याबिगर मी..."

त्यांनी तिचा हात सोडला आणि हातोडी परत उचलली.

अपेक्षाला सगळ्यात जास्त कशानं रडू आलं सांगू? त्यांच्या बोलण्यानं तर आलंच. पण ती फाइल. ती तिच्यासाठी होती. जगात सम्यकचं तिच्याशी शेवटचं बोलणं तेच, संध्याकाळी सांगतो. आणि ते पुसायला तिलाच सांगत होते.

"उद्या सातच वाजवते," ती एवढंच म्हणली.

आणि मग तिला एकदम जाणवलं, सात वाजव, आठवी नको, हे आज ती पहिल्यांदा ऐकत नव्हती.

६

त्या आठव्या फाइलीत खरखर नव्हती गं. तांदळाएवढीपण नाय. इतकी स्वच्छ, की शेवटी सम्यकनं घेतलेला श्वास ऐकू येत होता. मग खरखर आहे असं सांगितलं कोणी?

विशाखानं ऐकली नव्हती. सुदर्शनला हात लावू दिला नव्हता. काका खिडकीखाली, त्यांना जेवढं वाजंल तेवढं. टिकली दाबणारं बोट एकच. ज्या बाईनं सांगितलं आठवीत खरखर आहे, तिनं ती ऐकलेली होती. ऐकल्याशिवाय लपवायचं काय ते कसं कळणार? म्हणून कॉपी नाय करू दिली. म्हणून रोज सातवीनंतर बंद. म्हणून बदकं गेली तेव्हा ती रडली नाय. तिला वाटलं असणार, गेलं तर सगळंच गेलं, निदान उद्या लोकांत माझ्या नवऱ्याची मान खाली जाणार नाय. सात फाइलींचं पोरगं सोडून द्यायला तयार झाली होती ती नवऱ्यासाठी.

अपेक्षानं सुदर्शनला सांगितलं, सेटिंग हललं होतं, पाणी भरायच्या गडबडीत कोणाचातरी हात लागला असंल. तो म्हणला, "सेटिंग! आणि मी फॉरमॅट मारणार होतो," आणि पार पांढरा पडला. विशाखानं तिला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी भंतेजी आले. त्रिशरण, पंचशील झालं. फोटोपुढं मेणबत्त्या. मांडव गच्च, कंपनीतली पोरंपण आलेली. मग अपेक्षानं डबा चालू केला, बदकं आली, आणि सगळ्या मांडवावर सम्यकचा आवाज पसरला. "ऐक अपे, घाई करू नको." लोकांना काही कळत नव्हतं, डिस्क काय, पार्टिशन काय. म्हाताऱ्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. काका पहिल्यांदा आत बसून ऐकत होते. मावशी त्यांच्या बाजूला.

सातवी संपली. अपेक्षाचं बोट टिकलीवर. तिनं वर बघितलं. काका जमिनीकडं बघत होते. मावशी तिच्याकडं बघत होती. मावशीनं मान हलवली, एवढीशीच. नको.

"एवढंच आहे," अपेक्षा म्हणली, "पुढची खराब झालीय."

काकांचे खांदे खाली आले. मावशीनं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला.

जेवणं झाल्यावर मोरीपाशी भांडी घासता घासता मावशी तिला म्हणली, "आठवी हाय ना जाग्यावर?"

"हाय."

"ऱ्हाऊ दे. पुसू नको." राखेचा हात तसाच पातेल्यावर. "म्या ऐकली त्ये ह्यांना कदी कळू देऊ नको. मोडून पडतील. एकदा दुपारी ह्ये वखारीत असताना लावली, लई राग आलता मला पहिल्यांदा. खोटं कशाला सांगू, चार दिस ताट वाढलं नाय म्या. मंग एक दिस कचरा टाकाया बोळात गेले, तर भितीला डाग." तिनं पातेलं पालथं घातलं. "मंग खिडकी उघडी ठिवाया लागले."

बघ आता. एक जण खिडकीखाली बसतो, त्याला वाटतं तिला माहीत नाय. एक जण खिडकी उघडी ठेवते, तिला वाटतं त्याला कळता कामा नये. मधी भिंत, आणि भिंतीवर सम्यक, रोज, लिनक्स कसं टाकायचं ते सांगतोय. काका अजून आत येऊन बसत नायत. एका दिवसापुरते बसले, दुसऱ्या दिवसापासून परत बोळात. त्यांना रोज वाटत असणार, आज जर हिनं आठवी लावली तर? वर्षानुवर्षं तसंच बसणार का माणूस?

अपेक्षा मला म्हणली, मी एक वाक्य बोलले असते तर सुटले असते दोघं. नायतर तुटले असते. तिनं दोघांनाही शब्द दिला आणि ती गप्प बसली. तिचा स्वतःचा डबा अजून तसाच पडलाय, त्याच्यात लिनक्स टाकलं नाय तिनं. म्हणते, शेवटचं सांगायचं राहिलंय ना.

मला विचारत होती, बरोबर केलं का मी? तू सांग. एंटरवर बोट तुझं असतं, समोर ते दोघं बसलेले असते, तर तू काय केलं असतंस?